वणवा विझवणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार: अर्ज कोणी, कधी आणि कसा करायचा

रात्री डोंगर पेटलेला दिसतो. गावातली पोरं ताटावरून उठून निघतात, निरगुडीच्या ओल्या फांद्या तोडून आगीची कड झोडपत वर सरकतात, पहाटे काळवंडलेल्या तोंडाने परततात आणि सकाळी पुन्हा आपापल्या कामाला लागतात. त्यांची नावं बहुतेक वेळा कुठेच लिहिली जात नाहीत. या कामाची दखल घेणारा केंद्र सरकारचा एक पुरस्कार आहे आणि त्यासाठी सामान्य माणूसही अर्ज करू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देतो.

पुरस्काराचं नाव आहे सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार. तो दरवर्षी २३ जानेवारीला, म्हणजे नेताजींच्या जयंतीला जाहीर होतो. संस्थेला ५१ लाख रुपये व प्रमाणपत्र, तर व्यक्तीला ५ लाख रुपये व प्रमाणपत्र मिळतं. संस्थेला मिळालेली रक्कम मात्र आपत्ती व्यवस्थापनाच्या कामावरच खर्च करावी लागते.

वणव्यासारख्या ‘लहान’ आपत्तीला कोण विचारतंय, असं वाटत असेल तर २०२३ सालचा निकाल पाहा. त्या वर्षी संस्था गटात ओडिशाच्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाबरोबर मिझोरममधल्या लुंगलेई अग्निशमन केंद्राची निवड झाली. २४ एप्रिल २०२१ रोजी लुंगलेई शहराभोवतीच्या निर्मनुष्य जंगलात मोठा वणवा लागल्याची खबर आली आणि तो १० हून अधिक ग्राम परिषदांच्या हद्दीत पसरला. केंद्राचे जवान स्थानिक नागरिकांना सोबत घेऊन ३२ तासांहून अधिक काळ सलग झुंजत होते. रहिवाशांना आग कशी विझवायची हे तिथल्या तिथे शिकवत होते. जीवितहानी झाली नाही.

या हकिकतीत तारीख आहे, आग किती दूर पसरली ते आहे, किती तास काम केलं, सोबत कोण होतं आणि शेवटी काय वाचलं तेही आहे. माझ्या मते अर्ज लिहिताना हाच नमुना डोळ्यांसमोर ठेवावा. ‘आमच्या मंडळाने जिवाची पर्वा न करता मोलाचं कार्य केलं’ हे वाक्य मनापासूनचं असलं तरी निवड करणाऱ्यांना त्यातून काहीच कळत नाही.

पात्रतेच्या अटी सोप्या आहेत. व्यक्ती भारतीय नागरिक आणि १८ वर्षांवरची हवी. संस्था भारतीय हवी. त्यात स्वयंसेवी संस्था, कंपन्या, शैक्षणिक व संशोधन संस्था, गणवेशधारी दलं सगळी बसतात. काम भारतात झालेलं असावं. आपत्ती टाळणं, पूर्वतयारी, बचाव, मदतकार्य, पुनर्वसन, संशोधन, पूर्वसूचना यांपैकी कशातलंही चालतं. म्हणजे दर हिवाळ्यात जाळरेषा काढून, म्हणजे वाळलेल्या गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करून, वणवा गावाकडे येऊच न देणारेही पात्र ठरतात. स्वतःसाठी अर्ज करता येतो, तसंच दुसऱ्या व्यक्तीचं किंवा संस्थेचं नावही सुचवता येतं. वणव्याशी झुंजणारी माणसं स्वतःहून अर्ज भरतील असं मला वाटत नाही. तेव्हा गावातल्या शिक्षकाने, ग्रामसेवकाने किंवा शहरात नोकरीला असलेल्या एखाद्या पोराने ते काम अंगावर घ्यावं.

अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो, राष्ट्रीय पुरस्कारांच्या ‘अवॉर्ड्स डॉट जीओव्ही डॉट इन’ या पोर्टलवर.  अर्ज कधी सुरू होतो आणि शेवटची तारीख कोणती, हे त्या वर्षीच्या सूचनेत पाहावं.

खरी अडचण कागदांची होते. आपल्याकडे वणवे फेब्रुवारी ते जूनमध्ये लागतात आणि अर्ज पावसाळ्यात. तोवर फोनमधले फोटो पुसले गेलेले असतात आणि नेमकी कोणती रात्र होती यावरच वाद होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच एका वहीत कोण कोण होतं, किती वाजता निघालो, कोणत्या बाजूने आग अडवली, कोणाची वस्ती, गोठा किंवा आमराई वाचली ते लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आग लागताच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला असेल तर त्याची वेळ टिपून ठेवा. वनरक्षकाने पंचनामा केला असेल तर त्याची प्रत मागा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून तुमच्या सहभागाचं पत्र घ्या. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर उत्तमच. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून वणव्यांची नोंद ठेवते आणि नाव नोंदवणाऱ्या नागरिकांना मोबाइलवर इशारेही पाठवते. असा इशारा आला असेल तर तो जपून ठेवा, कारण तारीख आणि जागा या दोन्हींचा तो तटस्थ पुरावा आहे.

आणखी एक गोष्ट अर्जात जरूर लिहा. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार जंगलात चराईचे वा वनोपजाचे हक्क असलेल्यांवर वणव्याची खबर देण्याचं आणि तो विझवायला मदत करण्याचं बंधन आहे. तुमच्यातल्या ज्यांच्यावर असं कुठलंच बंधन नव्हतं आणि तरी जे धावले, त्यांचा तसा स्पष्ट उल्लेख व्हायला हवा.

आगीतून कोणी माणसाचा जीव वाचवला असेल तर वाट वेगळी आहे. त्यासाठी जीवन रक्षा पदक आहे. धोका किती मोठा होता त्यानुसार सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक अशा त्याच्या तीन श्रेणी आहेत. ते मरणोत्तरही दिलं जातं. पोलीस, सैन्य किंवा अग्निशमन दलातल्यांना कर्तव्यावर असताना केलेल्या कामासाठी ते मिळत नाही, म्हणजे ते मुख्यतः तुमच्या-आमच्यासारख्यांचंच आहे. शिफारस राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते. घटनेला दोन वर्षं उलटायच्या आत हे व्हायला हवं, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयात लवकर जा. वाचलेल्या माणसाचा जबाब आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची निवेदनं सोबत न्या.

राष्ट्रीय पातळी फार दूरची वाटत असेल तर गावातल्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीला संत तुकाराम वनग्राम योजनेबद्दल विचारा. महाराष्ट्र सरकारच्या या योजनेत वृक्षतोड, चराई, अतिक्रमण आणि वणवा यांपासून जंगल राखणाऱ्या समित्यांना बक्षिसं दिली जातात. त्याची माहिती वनपरिक्षेत्र कार्यालयातच मिळते आणि वर सांगितलेली वही तिथेही तितकीच उपयोगी पडते.