एकाच साच्यातली चाळीस मशिनं

टेबलाखाली वाकून, टॉर्च तोंडात धरून, डब्यामागच्या धुळकट स्टिकरवरची विंडोजची लायसन्स की ज्यानं उतरवून घेतली आहे, त्याला चाळीस मशिनांवर एकदम विंडोज बसवण्याचा हा विषय समजावून सांगावा लागत नाही. (मराठीत 'की' लिहिलं की वाक्य अडखळतं, म्हणून पुढे किल्लीच म्हणतो.) पाच-पाच अक्षरांचे पाच गट, एकूण २५. चाळीस मशिनं म्हणजे हजार अक्षरं, आणि कुठेतरी आपण 'बी' लिहितो तिथे ८ असतो.

वास्तविक ही किल्ली बनवणाऱ्यांनी वाचणाऱ्याचा विचार केलेला आहे. विंडोज ७ पर्यंतच्या किल्ल्यांत फक्त २४ चिन्हं वापरत. शून्य आणि 'ओ' दोन्ही वगळलेले, १, 'आय', 'एल' तिन्ही वगळलेले, ५ आणि 'एस'सुद्धा. स्वर नाहीत, त्यामुळे चुकून एखादी शिवी तयार होण्याचीही भीती नाही. तरी तिनावर चौतीस शून्यं इतक्या जुळण्या उरतात. 'बी' आणि ८ मात्र दोघंही राहिले, हे माझ्या अजून मनात आहे.

आता हाताने काही न करता विंडोज कसं बसतं ते पाहू. कोरं मशीन सुरू होतं तेव्हा त्याला नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ताही नसतो. नेटवर्क कार्डातला छोटा प्रोग्रॅम सगळ्या नेटवर्कवर हाक मारतो, सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि कोणती फाइल उचलायची तेही सांगतो. या पद्धतीला पीएक्सई म्हणतात. फाइल आणणारा टीएफटीपी मुळात फार सावकाश गडी आहे: एका वेळी ५१२ बाइट, आणि पोच मिळाल्याशिवाय पुढचा तुकडा नाही. ४ जीबीची फाइल त्याच्यावर सोपवली तर ८३,८८,६०८ तुकडे होतील आणि जवळपास तितक्याच पोचपावत्या. म्हणून त्याच्याकडून सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम तेवढा आणवतात, बाकीचं ओझं दुसऱ्या, वेगवान वाटेनं येतं.

मग इन्स्टॉलर प्रश्न विचारू लागतो: भाषा कोणती, डिस्कचे भाग किती, पासवर्ड काय. त्यांची उत्तरं एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवलेली असतात. विंडोजमध्ये ती 'अनअटेंड' नावाची एक्सएमएल फाइल, लिनक्सच्या रेड हॅट प्रकारात किकस्टार्ट, डेबियन प्रकारात प्रीसीड.

मेख इथेच आहे. चाळीस जणांनी एकच उत्तरपत्रिका वापरली तर सगळ्यांचं नाव एक आणि किल्लीही एकच. यावरचा उपाय मला फार आवडतो. उत्तरपत्रिकेत इन्स्टॉलेशनपुरती चालणारी सर्वसाधारण किल्ली घालायची. तिनं विंडोज बसतं, पण सक्रिय होत नाही, म्हणजे त्याचा परवाना लागू होत नाही. पहिल्यांदा सुरू झाल्यावर एक स्क्रिप्ट मशीनलाच विचारते, तुझा सिरियल नंबर काय? तो आधी करून ठेवलेल्या यादीत शोधून त्यासमोरची किल्ली विंडोजच्या परवान्याचं काम बघणाऱ्या 'एसएलएमजीआर' या आज्ञेला देते. नावही त्याच ओळीतून.

कागदावर हे सोपं वाटतं. यादी स्प्रेडशीटमध्ये केली तर ती सिरियल नंबरच्या सुरुवातीची शून्यं बिनदिक्कत खाऊन टाकते, आणि आकड्यांमध्ये एखादा 'ई' आला तर त्याला घातांक समजून भलतीच संख्या बनवते. रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा. त्याहून वाईट प्रसंग सुटे भाग जोडून बनवलेल्या मशिनांचा. एकदा सहा मशिनांनी मला एकच सिरियल नंबर सांगितला: 'टू बी फिल्ड बाय ओईएम', म्हणजे 'मशीन बनवणाऱ्यानं भरावं'. मदरबोर्ड बनवणाऱ्यानं मोकळी सोडलेली जागा कुणी भरलीच नव्हती. यादीत ही ओळ कशी आली, हे शोधण्यात दुपार गेली. चूक माझीच होती, मी यादी त्याच स्क्रिप्टनं गोळा केली होती. त्यानंतर मी नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, वापरू लागलो. फक्त लॅपटॉपला यूएसबीचं नेटवर्क कार्ड लावलं असेल तर तेच कार्ड पुढच्या लॅपटॉपला जातं आणि पत्ताही त्याच्याबरोबर जातो.

मोठ्या संस्था या भानगडीत पडत नाहीत. त्यांच्याकडे केएमएस, म्हणजे संस्थेतल्या मशिनांचं विंडोज सक्रिय करून देणारा, सर्व्हर असतो. त्याच्याशी किमान २५ मशिनं बोलली की तो त्यांना सक्रिय करतो. प्रत्येकाला १८० दिवसांची मुदत, मशीन ती आपली आपण वाढवून घेतं.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, तयार विकत मिळणाऱ्या मशिनांत किल्ली मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्यावर कायमच्या बसवलेल्या प्रोग्रॅममध्येच, असते. इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो, त्यामुळे टॉर्च लागत नाही. मदरबोर्ड जळाला की मात्र किल्लीही जाते, आणि आता बघायला स्टिकरही नसतं.