अरोवानाची उडी आणि टाकीचं झाकण

शोभेचे मासे विकणाऱ्याकडे सिल्व्हर अरोवानाचं पिल्लू बोटाएवढं असतं. घरात भरभराट येते म्हणून कुणी तरी ते घेतं आणि तीन फुटी टाकीत सोडतं. वर्षभरात ते फुटाच्या पुढे जातं. मोठा अरोवाना तीन फुटांचा होतो.

हा मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. पुराच्या दिवसांत तिथल्या नद्या जंगलात शिरतात आणि झाडांच्या फांद्या पाण्यावर हातभर अंतरावर येतात. अरोवाना त्यांच्याखालून संथपणे फिरतो, वर किडा दिसला की झेप घेऊन तो टिपतो. वरच्या बाजूला उघडणारं तोंड आणि हनुवटीवरच्या दोन मिशा हे सगळं पृष्ठभागावरच्या शिकारीचं सामान. ब्राझीलमध्ये त्याला 'पाण्यातलं माकड' म्हणतात ते उगाच नाही.

आता हिशेब करू. पाण्याबाहेर एक मीटर उंच जायचं तर पाणी सोडताना सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेग लागतो. दोन किलोचा मासा या वेगाने झाकणावर आदळला तर दणका किती? दोन किलोची वीट मीटरभरावरून पडल्यावर बसेल तेवढा. पातळ काच तडकते, ॲक्रिलिकचा पत्रा वाफेने वाकतो आणि कडेला फट पडते. झाकण जाड हवं, चारही बाजूंनी क्लिपने आवळलेलं हवं आणि फिल्टरच्या पाइपाभोवतीची जागाही बुजवलेली हवी.

पण नुसतं झाकण घट्ट केलं तर मासा बाहेर पडत नाही, डोकं मात्र आपटून घेतो. उडीचं कारणच कमी करायला हवं. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात मॉथनर नावाच्या दोन मोठ्या चेतापेशी असतात. धक्का किंवा आवाज जाणवला की त्यांचा इशारा सुटतो आणि काही मिलिसेकंदांत अंग वळून मासा सुसाट सुटतो. तो विचार करून उडी मारत नाही. म्हणून टाकी दारापासून आणि टीव्हीपासून लांब ठेवा, मागची बाजू गडद कागदाने झाका, वर तरंगत्या वनस्पती सोडा. सकाळी आधी खोलीतला दिवा लावा, टाकीचा थोड्या वेळाने.

माशाच्या टाकाऊतून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया वाढला तरीही मासा बिथरतो. हा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला काही आठवडे लागतात, तोवर मासा आणू नये. तीन फुटी माशासाठी टाकी ८ फूट लांब, ३ फूट रुंद, अडीच फूट उंच धरली तर नुसतं पाणीच १,७०० लिटर, म्हणजे जवळपास पावणेदोन टन होतं. तेव्हा फ्लॅटमध्ये हा मासा नको, असं माझं सरळ मत आहे.

हे मत अनुभवातून आलंय. पाणी बदलताना मी झाकण अर्धं सरकवलं, पाइप आत घातला आणि हात ओला म्हणून टॉवेल घ्यायला वळलो. मागे धप्प आवाज झाला. ओल्या टॉवेलातच त्याला उचलला. जगला तो, पण दोन खवले मात्र फरशीवर राहिले, रुपयाएवढे.