कुंपणापर्यंत धावतो तो शॅमेलिऑन नव्हे

मे महिन्यात फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, भाच्याने बुटांचा खोका पुढे केला. "मामा, शॅमेलिऑन! रंग बदलतो बघ." झाकण उचललं तर आत आपला नेहमीचा सरडा. मानेवर काटे, शेपूट अंगाच्या दुप्पट लांब. पकडताना गळा लालभडक होता म्हणे. आता भीतीने पार मातकट झाला होता, आणि तेवढ्यावर पोराची खात्री पटलेली.

रंग दोघेही बदलतात, घोळ तिथेच होतो. बागेतल्या नर सरड्याची लाली विणीच्या दिवसांतली, माद्यांसाठी आणि दुसऱ्या नरांना दम देण्यासाठी. शॅमेलिऑनही आजूबाजूला मिसळून जायला म्हणून रंग बदलत बसत नाही. राग, भीती, ऊन-थंडी हीच मुख्य कारणं. म्हणून ओळख रंगावरून करूच नये. पाय बघावेत. सरड्याची बोटं लांब आणि सुटी असतात. शॅमेलिऑनची दोन एकीकडे, तीन दुसरीकडे, चिमट्यासारखी. शेपटीची गुंडाळी होते आणि ती फांदीला धरते. डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात, जीभ अंगापेक्षा लांब सुटते. चाल मात्र अशी डुलत-डुलत की ‘सरड्याची धाव’ ही म्हण त्याला लागूच पडू नये.

भारतात शॅमेलिऑनची एकच जात आहे आणि तिला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. रानात दिसला तर फोटो काढा, घरी आणू नका. खोक्यातला सरडाही आम्ही त्याच संध्याकाळी जागच्या जागी सोडला.

लोक पाळतात ते परदेशी: येमेन-सौदीकडचा व्हेल्ड, नाहीतर मादागास्करचा पँथर. त्यांची 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या पोर्टलवर नोंदणी लागते. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरावं.

कागद झाले तरी पाळणं सोपं नाही. पाण्याचं उदाहरण घ्या. वाटीतलं साचलेलं पाणी शॅमेलिऑनला बहुधा पाणी वाटतच नाही. तो पानांवरून ओघळणारे थेंब चाटतो. भरलेली वाटी समोर आणि जनावर तहानेने सुकतंय, असं होऊ शकतं. दिवसातून दोनदा तरी पानांवर फवारा मारावा, किंवा थेंब-थेंब पाणी सोडावं.

उन्हाचंही तसंच. काचेतून आलेलं ऊन बघायला छान, पण हाडांना लागणारे यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील, किरण काच जवळजवळ सगळे अडवते. म्हणून यूव्हीबी दिवा हवाच, त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन असं कितीसं असतं? रातकिडे द्यायचे ते आधी पालेभाजी खाऊ घालून, कॅल्शियमची पूड लावून. पावसाळ्यात गोव्यात दमटपणा आयता मिळतो, चिंता कोंदटपणाची. बंद काचपेटीपेक्षा जाळीचा उभा पिंजरा बरा. एका पिंजऱ्यात एकच, दोन ठेवले की भांडतात.

हातात घेऊन मिरवायचा हा प्राणी नाही. माझं मत विचाराल तर लहान मुलांच्या घरात आणूच नये. आणि भरदिवसा डोळे मिटून बसलेला दिसला तर ‘झोपलाय बिचारा’ म्हणून सोडून देऊ नका. तो आजारी असण्याची शक्यता जास्त. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर त्याच दिवशी गाठा.