घरच्या संगणकावर लोकल खाते ठेवावे की ऑनलाइन?

नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की तो आधी देश आणि कीबोर्ड विचारतो, मग वायफाय मागतो, आणि मग मायक्रोसॉफ्टचे खाते. "हे द्यायलाच लागतं का? आमच्या जुन्या कॉम्प्युटरला असलं काही नव्हतं," असे आमच्या संगणकाच्या दुकानात काउंटरवर रोज कुणी ना कुणी विचारतेच. दर वेळी घाईत अर्धेच उत्तर दिले जाते, म्हणून हे पत्रक.

जुन्या संगणकाला खरेच नव्हते. विंडोज ७ पर्यंत तुमचे नाव आणि पासवर्ड त्या यंत्रातच राहत. त्यालाच लोकल खाते म्हणतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हा ईमेलवर चालणाऱ्या ऑनलाइन खात्याने लॉगिन करण्याची सोय झाली. २०२१ मध्ये विंडोज ११ आल्यावर होम आवृत्तीत सुरुवातीलाच हे खाते सक्तीचे झाले, आणि पुढच्या वर्षी घरगुती वापराच्या प्रो आवृत्तीतही. सक्ती चुकवायच्या कमांड यूट्यूबवर सापडतात, पण कंपनी त्या एकेक करून बंद करते आहे. गेल्या वर्षीचा व्हिडिओ बघून यंदाचा लॅपटॉप सेट करायला बसू नका.

सक्ती सुरुवातीपुरती आहे, हे मात्र अनेकांना माहीत नसते. नंतर केव्हाही लोकल खात्यावर जाता येते. त्यामुळे खाते कसे टाळायचे याची चिंता सोडा आणि कोणते ठेवायचे ते ठरवा.

आधी तीन गैरसमज

पहिला जीमेलचा. मायक्रोसॉफ्टचे खाते उघडताना तुमचा जीमेलचा पत्ता चालतो, म्हणून लोक समजतात की पासवर्डही जीमेलचाच. तसे नाही. पत्ता एकच असला तरी खाती दोन आणि पासवर्डही दोन. "पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही" ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते.

दुसरा पिनचा. रोज टाकता तो चार किंवा सहा आकडी पिन फक्त त्या एका यंत्राचा असतो. दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर तो चालणार नाही. रोज पिन टाकून खरा पासवर्ड विसरायला होते, आणि एखाद दिवशी यंत्र नेमका तोच मागते.

तिसरा गैरसमज असा, की ऑनलाइन खाते म्हणजे नेट नसले तर संगणक उघडणार नाही. उघडतो. लाइट जाऊन वायफाय बंद पडले तरी लॅपटॉप पिनने नेहमीसारखा सुरू होतो.

सर्वांत महत्त्वाचे: ४८ आकडे

बाकीचे वाचले नाही तरी चालेल, पण हे वाचा. आताच्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिले लॉगिन केले, की विंडोज डिस्कवरची सगळी माहिती आपोआप कुलूपबंद करते. याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून त्याच्या अटी सैल झाल्या आहेत, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही ते चालू झालेले दिसते. कुलूप उघडणारी रिकव्हरी की ४८ आकडी असते आणि ती त्याच ऑनलाइन खात्यात जमा होते.

एरवी ती कुणी विचारत नाही. पण मदरबोर्ड बदलला, बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट झाले किंवा तशीच काही मोठी दुरुस्ती निघाली, की निळा पडदा येतो आणि की मागतो. ती नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी आतले काहीच वाचता येत नाही. आम्हालाही नाही, दुसऱ्या कुठल्या दुकानालाही नाही. फॉरमॅट मारायचा आणि फोटोंवर पाणी सोडायचे, एवढेच हातात उरते.

आता हा लॅपटॉप कुणा दुसऱ्याच्या खात्यावर सुरू केलेला असेल तर काय होईल, याचा विचार करा. भाच्याने दिवाळीला येऊन आपले खाते टाकले. पुण्यातल्या विक्रेत्याने दुकानाचा एकच ईमेल सगळ्या लॅपटॉपना वापरला. अमेरिकेतल्या मुलाने आई-बाबांसाठी घेतला, तिकडेच सेट केला. आता इकडे दुपारी अडले, की ओटीपी त्याच्या फोनवर मध्यरात्री जातो. अशा प्रत्येक लॅपटॉपच्या डिस्कची की परक्याच्या हातात आहे. म्हणून आमचा हट्ट असतो, की खाते कोणत्याही प्रकारचे घ्या, पण ते वापरणाऱ्याच्या नावाचे, त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरचे असले पाहिजे. आमच्या दुकानाचा ईमेल आम्ही कुणाच्याही यंत्रावर टाकत नाही, मागितला तरी.

की आपल्या खात्यात आली आहे का, ते मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'डिव्हाइसेस'मध्ये बघता येते. ती कागदावर छापा आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. घरातला एकच माणूस संगणक बघत असेल तर बाकीच्यांनाही ती फाइल दाखवून ठेवा. तो माणूस नसताना कुटुंबाची फार ओढाताण होते.

वनड्राइव्हचे नाटक

ऑनलाइन खात्याबरोबर वनड्राइव्ह, म्हणजे फायली ठेवायची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन जागा, येते आणि बऱ्याचदा धड न विचारताच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डर आपल्याकडे ओढून घेते. फुकट जागा ५ जीबी. लग्नाच्या एका अल्बमने ती भरते. मग जागा विकत घ्या म्हणून सूचना सुरू होतात. आणि जागा पूर्ण भरल्यावर, तुमचा ईमेल आउटलुक डॉट कॉमचा असेल, तर पत्रे येणेही थांबू शकते. दुसरा धोका याहून वाईट. "ऑनलाइन कॉपी आहे, ती पुसतो" म्हणून तिथून फोटो काढले, की संगणकातलेही जातात, कारण ती वेगळी प्रत नसून तेच फोल्डर असते. पुसलेले ३० दिवस वनड्राइव्हच्या कचरापेटीत राहते, तेवढ्यात लक्षात आले तर वाचते.

तरी घराबाहेर एखादी प्रत असण्याला आम्ही मोल देतो. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. त्यात संगणक आणि शेजारच्या कपाटातली बॅकअपची हार्ड डिस्क एकदमच भिजणार. म्हणून सातबारा, पॉलिसी, गुणपत्रिका असली थोडी कागदपत्रे वनड्राइव्हवर असू द्यावीत आणि फोटो-व्हिडिओ वेगळ्या डिस्कवर. फोल्डर असे ओढून घेणे, म्हणजे फोल्डर बॅकअप, बंद करणे सोपे आहे, फक्त ते आमच्यासमोर करा. पहिल्यांदा करताना डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि माणूस घाबरतो; फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात शाबूत असतात.

लोकल खाते कुणाला बरे

हॉलमधला डेस्कटॉप, घरातली चार माणसे वापरणारी, काम म्हणजे बँक, मराठी टायपिंग आणि यूट्यूब: इथे लोकल खाते उत्तम. जाहिराती आणि सूचनांचा त्रास कमी होतो आणि सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टकडे जात नाहीत. मोबाइल नंबर बदलला तरी लॉगिनला काही होत नाही. (यंत्रातल्या तुमच्या फोल्डरचे नावही सरळ राहते. ऑनलाइन खात्यात विंडोज ईमेलची पहिली पाच इंग्रजी अक्षरे उचलते, म्हणून कुलकर्णींच्या यंत्रात 'कुलका' सापडतो.)

पण पासवर्ड विसरलात तर फोनवर ओटीपी मागवायची सोय इथे नाही. खाते उघडताना तीन प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे लिहून ठेवा. ती खरीच असली पाहिजेत असे नाही. डिस्क कुलूपबंद नसेल तर विसरलेला पासवर्ड आम्ही बहुतेक वेळा काढून देऊ शकतो. ही सोय वाटते, पण चोरालाही ते तितकेच जमते. त्यामुळे एसटीने, रेल्वेने फिरणारा लॅपटॉप, कॉलेजला जाणाऱ्या मुलाचा लॅपटॉप, सीएकडे नेला जाणारा लॅपटॉप, यांना आम्ही ऑनलाइन खाते आणि एन्क्रिप्शनच सुचवतो. मुलांच्या वापराची वेळ बांधून द्यायची असेल तरी मुलाचे ऑनलाइन खाते लागतेच.

ऑनलाइन ठेवलेत तर नंबर सांभाळा. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग तुमचा ओटीपी त्याच्याकडे. खात्यातले जुने नंबर आणि ईमेल एकदम हटवून नवे घातले तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबवते. म्हणून जुने सिम चालू असतानाच नवा नंबर जोडा आणि एक दुसरा ईमेलही देऊन ठेवा.

बदलायचे असेल तर

सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात युअर इन्फो, तिथे 'साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड'. फायली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. मात्र एन्क्रिप्शनही राहते आणि की जुन्या खात्यातच असते. ती छापल्याशिवाय हे बटण दाबू नका, आणि ते जुने ऑनलाइन खाते बंद तर मुळीच करू नका.

लॅपटॉपबरोबर आलेले ऑफिस ऑनलाइन खात्यालाच जोडावे लागते, त्यालाही मुदत असते. त्यासाठी विंडोजचे खाते बदलायची गरज नाही. ऑफिसमध्ये लॉगिन करताना 'हेच खाते सगळीकडे वापरू का?' अशा अर्थाची चौकट येते. तिथे फक्त या ॲपपुरते, हा पर्याय निवडा. घाईत 'नेक्स्ट' दाबलेत की लोकल खाते गुपचूप ऑनलाइन होते.

विंडोज १० वाल्यांसाठी: त्याचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट जाहीर झाले आहेत, पण त्या नोंदणीला मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, पैसे भरले तरीही.

संगणक सेट करून घ्यायला येताना ज्याच्या नावावर खाते करायचे त्यानेच यावे, चालू सिमचा फोन आणि त्याचा चार्जर बरोबर आणावा. पासवर्ड तुमचा तुम्हीच टाइप करा. आम्ही तोंड फिरवून उभे राहतो. की छापून पाकिटात घालून देऊ, तिची प्रत दुकानात ठेवत नाही.