आधी पाणी बघणारा प्रेक्षक: कोकणात हेरपटांवर होणाऱ्या चर्चेची पार्श्वभूमी

५ डिसेंबर २०२५ ला ‘धुरंधर’ लागला आणि पुढे कित्येक दिवस कोकणात जिथे चार माणसं जमतील तिथे त्याचाच विषय. साडेतीन तासांचा सिनेमा, कराचीच्या ल्यारी भागातल्या टोळ्यांत शिरलेला भारतीय हेर, आणि नायकाच्या बरोबरीने, काहींच्या मते जास्तच, अक्षय खन्नाचं कौतुक. कोणाला मारामारी बघवली नाही, कोणाला वाटलं असाच सिनेमा हवा होता. अशी मतं पुण्यात आणि नागपुरातही ऐकू आली असतील. रत्नागिरीत रात्रीचा खेळ सुटल्यावर टपरीवर जे ऐकलं ते मात्र इथलंच होतं.

मिरकरवाड्यातले एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, तिथे भेटले. वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. बशीत चहा ओतून घेत ते म्हणाले, “कुठचाही असला पिक्चर असो, समुद्राकडनं माणूस आलेला दाखवला की मी आधी पाणी बघतो. भरती हाय की सुकती.” मग त्यांनी समजावून सांगितलं. खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध साचतो. ओहोटीला तिथे बोटीचा तळ घासतो, म्हणून जाणता तांडेल भरतीची वाट बघत बाहेर थांबतो. काळोखात, खडक कुठे आहेत ते माहीत नसताना, फुल स्पीडने बोट आत घालणारा नायक त्यांना पटत नाही. हे बोलताना त्यांना सिनेमाची चूक काढायची नव्हती. माणूस रात्री किनाऱ्याला कसा लागतो हा त्यांच्यासाठी खराखुरा प्रश्न आहे, आणि तो का आहे हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

हेर हा प्रकार मराठी माणसाला सिनेमाने शिकवला नाही. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तिच्याआधी सुरतेची खबर बहिर्जी नाईकांनी आणली होती. सभासदाच्या बखरीत त्यांचं नाव येतं. त्यांच्या वेषांतराच्या गोष्टी लोकांनी पुढे कितीतरी वाढवल्या. कधी ते गोंधळी, कधी वासुदेव, कधी फकीर. खालच्या कोकणात तर वेषांतर बघायची सवय दशावताराने लावलेली. रात्रभर देवळासमोर बसून, मिशा काढून स्त्री झालेला नट आणि साधूच्या वेषात आलेला राक्षस बघणाऱ्या माणसाला सोंग केव्हा जमलं आणि केव्हा फसलं हे लगेच कळतं. हेरपटातला नायक दाढी लावून शत्रूच्या घरात शिरतो तेव्हा तो याच नजरेने बघितला जातो.

मग आल्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड यांनी दोन-तीन पिढ्यांना वाचायला लावलं. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या आडनावातला अर्नाळा वसईजवळचा, म्हणजे उत्तर कोकणातलाच. नंतर गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला. एसटी स्टँडवरच्या स्टॉलमधून घेतलेली पातळ पुस्तकं गावात पोचली की हातोहात फिरत, शेवटची चार पानं गळून जाईपर्यंत. शेवट कोणीतरी तोंडी सांगायचं.

हिंदी हेरपटाची सुरुवात साठच्या दशकात झाली. १९६२ मध्ये पहिला बाँडपट आला आणि त्याची हवा इकडेही लागली. १९६७ च्या ‘फर्ज’मध्ये जितेंद्र एजंट ११६ झाला, १९६८ मध्ये रामानंद सागरांच्या ‘आँखें’त धर्मेंद्र परदेशात हेरगिरी करू लागला. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला देशाच्या परदेशातल्या हेरगिरीसाठी वेगळी संस्था उभी राहिली, रॉ, आणि रामेश्वर नाथ काव तिचे पहिले प्रमुख झाले. त्याआधी हे काम १८८७ पासून चालत आलेल्या इंटेलिजन्स ब्युरोकडेच होतं. ६२ आणि ६५ च्या युद्धांत खबर कमी पडली, म्हणून नवी संस्था काढावी लागली. पडद्यावर मात्र त्या काळातला हेर कोट, टोपी आणि गाणी घेऊन फिरत होता. लोकांना तो आवडत होता, पण तो खरा असेल असं कोणी मानत नव्हतं. मला वाटतं, त्या सिनेमांवर फार वाद झाले नाहीत याचं कारण हेच.

शिवाय तेव्हा कोकणात सिनेमा यायचाच उशिरा. प्रिंट मोजक्या असत. मुंबई-पुण्यात चालून, पेट्या घासून झाल्या की त्या इकडे वळायच्या, आणि जत्रेच्या तंबूत पोचेपर्यंत त्यातले दोन-चार प्रसंग गायब झालेले असत. सिनेमाच्या आधी मत यायचं. ते आणायचा चाकरमानी. गिरणीत, गोदीत, नाहीतर बेस्टमध्ये नोकरी करणारा मुलगा गणपतीला किंवा शिमग्याला गावी आला की ओटीवर बसून पूर्ण स्टोरी सांगायचा, मारामारीच्या आवाजासकट. आमच्या घरी मधले काका हे काम करत. त्यांनी सांगितलेला एक हेरपट मी पुढे बऱ्याच वर्षांनी बघितला, तेव्हा त्यातले अर्धे प्रसंग काकांनी स्वतःचे घातले होते हे लक्षात आलं, आणि काकांचेच चांगले होते. ऐंशीच्या दशकात चाकरमान्यांच्या सामानात व्हिडिओ कॅसेटी येऊ लागल्या. भाड्याचा व्हीसीआर, अख्खी वाडी अंगणात, आणि मतं तिथल्या तिथे.

२००५ नंतर छोट्या गावांतल्या थिएटरांतही डिजिटल प्रक्षेपण आलं, रिळांच्या पेट्या गेल्या आणि सिनेमा मुंबईबरोबर त्याच शुक्रवारी लागू लागला. आज मुंबईतला मुलगा आणि गावातला बाप एकाच दिवशी सिनेमा बघून रात्री फोनवर वाद घालतात. मताची मक्तेदारी चाकरमान्याकडून गेली.

पण या किनाऱ्यावरच्या चर्चेला जी धार आली ती तंत्रज्ञानामुळे आली नाही. ती १९९३ ने आणली.

त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला, बोटींतून हत्यारं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. पुढे टाडा न्यायालयात जे सिद्ध झालं ते आपल्या माणसांनी पुन्हा पुन्हा वाचायला हवं. माल उतरून ट्रक निघाले तेव्हा ते रस्त्यात अडवले गेले होते. अडवणारे पोलीस होते, आणि त्यांनी पैसे घेऊन गाड्या सोडल्या. कस्टमचे अधिकारीही दोषी ठरले. म्हणजे खबर नव्हती असं नाही, यंत्रं नव्हती असंही नाही. एका रात्री काही माणसांनी हात पुढे केला, एवढंच. हेरपटात कट उधळतो तो उपग्रहाने, लॅपटॉपने किंवा शेवटच्या मिनिटाला तोडलेल्या वायरने. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागातल्या जाणत्या माणसाला विचारा, तो सांगेल की कट तिठ्यावरच्या नाक्यावर थांबतो किंवा सुटतो. म्हणून तिकडचा प्रेक्षक कुठल्याही नव्या हेरपटाबद्दल बोलताना हमखास विचारतो: आतला माणूस दाखवलाय का? आपल्यातला विकला गेलेला?

त्या गावांनी आणखीही एक गोष्ट सोसली. चार जणांनी केलेल्या कामाचा संशय शेकडो घरांवर आला, आणि तो लवकर गेला नाही. हेरपटात सुरमा, जाळीची टोपी आणि हिरवा दिवा एवढ्यावर खलनायक ओळखू यायला लागला की शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आपल्याच गावच्या माणसाचं काय होत असेल, हा विचार मला सोडता येत नाही. टपरीवरची तरुण मुलं याबद्दल फारसं बोलत नाहीत, पण त्यांनी बोलायला हवं.

२६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण ‘कुबेर’ नावाचा गुजरातचा ट्रॉलर पळवून आले आणि शेवटी रबरी बोटीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीशी उतरले. १६६ लोक मारले गेले. त्यानंतर कोकणातल्या प्रत्येक मच्छीमाराचं जगणं बदललं. बायोमेट्रिक कार्ड आलं, बोटींना ठरवून दिलेले रंग आले, सागरी पोलीस ठाणी आली, ‘सागर कवच’ नावाचा सराव सुरू झाला. या सरावात आपलेच जवान अतिरेकी बनून किनाऱ्यावर शिरायचा प्रयत्न करतात आणि पोलिसांनी, गावकऱ्यांनी त्यांना पकडायचं असतं. तांडेलांना सांगितलेलं असतं, अनोळखी बोट दिसली की कळवा. हेरगिरीचं सगळ्यात जुनं, सगळ्यात साधं काम, म्हणजे नजर ठेवणं, ते या माणसांना रीतसर सोपवलं गेलं. ‘धुरंधर’मध्ये हल्लेखोरांना फोनवरून हुकूम देणाऱ्यांचे खरे आवाज लाल पडद्यावर ऐकू येतात. आमच्या थिएटरात त्या वेळी एकही मोबाइल उजळला नाही.

आणि १८ ऑगस्ट २०२२. उद्या दहीहंडी म्हणून पोरं थर लावायचा सराव करत होती, तोच हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारस बोट सापडली. आत तीन एके-४७ आणि काडतुसं. नाकाबंदी झाली, मुंबईपर्यंत धावपळ उडाली. त्याच दिवशी देवेंद्र फडणवीसांनी विधिमंडळात माहिती दिली: बोटीचं नाव ‘लेडी हान’, मालकीण ऑस्ट्रेलियन, मस्कतहून युरोपला जाताना जूनमध्ये इंजिन बंद पडलं, आतल्या लोकांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि बोट वाहत इकडे आली. घातपात नव्हता. पण संध्याकाळपर्यंत ज्यांनी श्वास रोखून धरला होता, त्यांना पडद्यावर काळोखात हेलकावणारी बोट दिसली की नुसती मजा वाटत नाही.

याच काळात हिंदी हेरपटही बदलला. एका बाजूला ‘एक था टायगर’ (२०१२) पासूनचे सुपरस्टारांचे भव्य सिनेमे, दुसऱ्या बाजूला ‘मद्रास कॅफे’ (२०१३), ‘राझी’ (२०१८) असे खऱ्या घटनांच्या जवळ जाणारे. मला स्वतःला दुसरी वाट जवळची. ‘राझी’तल्या हेर सेहमतची भीती तिच्या हाताच्या थरथरीत दिसते, आणि ती दिसल्यावर देशप्रेम वेगळं सांगावं लागत नाही. मराठी प्रेक्षकाच्या मनात याच सुमाराला एक खरं नावही येऊन बसलं, कुलभूषण जाधव. पाकिस्तानने २०१६ मध्ये त्यांच्या अटकेची घोषणा केली, २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारताने हेरगिरीचा आरोप फेटाळला. १७ जुलै २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने शिक्षेचा फेरविचार करायला आणि भारतीय वकिलातीला त्यांची भेट घेऊ द्यायला सांगितलं. काचेपलीकडच्या मुलाशी बोलणाऱ्या आईचा फोटो ज्याने पाहिला, तो पुढे प्रत्येक हेरपटात नायकाचं घर शोधतो.

कराचीचंही तसंच. पडद्यावर ल्यारी दिसली तेव्हा चाचा म्हणाले, “आमच्या आजोबांचे भाऊ तिकडंच गेले ना.” १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. मुंबईला जावं तशी माणसं बोटीवर कामाला लागून कराचीला जात. फाळणीनंतर काही तिकडेच राहिली, काही इथून तिकडे गेली. तिथल्या एका गृहनिर्माण सोसायटीचं नावच कोकणी मुसलमानांवरून पडलंय. चाचांना सिनेमा आवडला, दोनदा बघितला. दुसऱ्यांदा ते गल्ल्या बघत होते.

वर पालघर-डहाणूकडे गेलात तर चर्चा आणखी वेगळी होते. तिथले खलाशी गुजरातच्या बोटींवर महिनेच्या महिने कामाला असतात. सर क्रीक या सीमेवरच्या खाडीच्या बाजूला समुद्रात रेघ नाही, आणि दोन देशांत तिचा निकालही लागलेला नाही. मासळीमागे जाता जाता बोट पलीकडे गेली की पाकिस्तानी गस्तीनौका पकडते आणि माणसं कराचीच्या तुरुंगात पोचतात. पडद्यावरचा हेर कराचीत मुद्दाम शिरतो. हा खलाशी जाळं ओढता ओढता तिथे पोचतो, आणि सिनेमा सुटल्यावर जेटीवर बोलणं येतं ते त्याच्याच सुटकेवर. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. त्या दिवशी या पाड्यांवर लोक टीव्हीसमोर बसतात ते बातम्यांसाठी.