पेंढ्याला पाश्चरीकरण, कोंड्याला निर्जंतुकीकरण

धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) लागवडीसाठी पिशव्या भरायला शिकवणारा जो तो सांगतो, "पेंढा निर्जंतुक करून घ्या", आणि स्वतः तो तासभर गरम पाण्यात बुडवून ठेवतो. याला पाश्चरीकरण म्हणतात, निर्जंतुकीकरण नव्हे. दोन्हींची सरमिसळ झाली की चांगल्या स्पॉनच्या (अळिंबीच्या बियाण्याच्या) पिशव्याही हिरव्या पडतात.

पेंढा बुडवणं तुम्हाला ठाऊकच आहे: ६५ ते ८० अंश सेल्सिअसचं पाणी, एक-दोन तास, मग निथळणं. निर्जंतुकीकरणाला प्रेशर कुकर किंवा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने तापवणारं यंत्र) लागतो. १५ पौंड दाब, १२१ अंश, मालाच्या आकारमानानुसार दीड ते अडीच तास. इथे कोणी फारसं चुकत नाही.

चूक होते ती "जास्त तापवलं की जास्त चांगलं" या समजुतीने. पाश्चरीकरणात किडींची अंडी आणि बहुतेक नको असलेल्या बुरश्या मरतात, पण उष्णता सोसणारे काही जिवाणू टिकतात. ते पेंढ्यात जागा अडवून ठेवतात आणि ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीला सहजी पाय रोवू देत नाहीत. तेवढ्या अवधीत धिंगरीचं कवकजाल (तिच्या पांढऱ्या धाग्यांचं जाळं) पसरतं. तोच पेंढा १२१ अंशांवर तापवला तर ही राखण करणारं कोणी उरत नाही. मग मोकळ्या हवेत स्पॉन मिसळताना पडलेल्या बुरशीच्या बीजाणूला सगळं रान मोकळं. निर्जंतुक माल गाळलेल्या हवेच्या झोतातच हाताळावा लागतो. ती सोय नसेल, तर पेंढ्यासाठी कुकर चुलीवर चढवूच नका.

लाकडाच्या भुशात गव्हाचा कोंडा मिसळला की गणित उलटतं. कोंड्यातला नायट्रोजन आणि स्टार्च कवकजालाआधी उरलेल्या जिवाणूंच्या तोंडी लागतो आणि माल आंबतो. धान्यावर स्पॉन तयार करतानाही हेच होतं. तिथे नुसती उकळी पुरत नाही, कारण काही जिवाणूंचे बीजाणू १०० अंशांनाही दाद देत नाहीत, दाब हवाच.

म्हणून आधी पिशवीत काय भरताय ते बघा. पद्धत त्यावरून ठरते. पाश्चरीकृत पेंढ्यात "उत्पन्न वाढावं म्हणून" मूठभर कोंडा टाकायचा सल्ला तर मला अजिबात मान्य नाही. नवख्याने साधा पेंढा घ्यावा, मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंबच पाणी सुटेल इतका निथळू द्यावा आणि ३० अंशांखाली आल्यावरच स्पॉन मिसळावा.