एअर सस्पेन्शनसाठी कंप्रेसर घेताना: किनारपट्टीवरच्या गाडीवाल्यांसाठी

काउंटरवर पहिला प्रश्न बहुधा हाच येतो, "किती पीएसआयचा (म्हणजे किती दाबाचा) आहे?" खोक्यावर २०० छापलेलं दिसलं की गिऱ्हाईक खूश. मागचा भाग उचलून धरायला पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जोडीला हवेचे रबरी फुगे बसवतात, त्यातल्या बहुतेकांना १०० पीएसआयच्या वर हवा भरायचीच नसते. टाकीत त्याहून थोडा जास्त दाब साठलेला असला की झालं, १४५-१५० पुरे. तेव्हा आधी हा आकडा बाजूला ठेवू आणि खोक्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेली ड्यूटी सायकल, म्हणजे कंप्रेसर किती वेळ सलग चालवता येतो ते, वाचू.

३३ टक्के लिहिलं असेल तर तासातली २० मिनिटं चालवायचा आणि ४० मिनिटं थंड होऊ द्यायचा. १०० टक्के म्हणजे सलग चालेल. यातली गोम अशी की बऱ्याच कंपन्या हा आकडा १०० पीएसआय दाब आणि २२ अंश तापमान धरून देतात. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट चढणाऱ्या पिकअपच्या पोटाखाली २२ अंश कुठून आणायचे? म्हणून रोज माल वाहणाऱ्याला आम्ही ३३ टक्क्यांचा देत नाही, स्वस्त पडत असला तरी. गणपतीला मुंबईहून घरची माणसं सामानासकट आली की तेवढ्यापुरती मागून बसते अशी घरगुती गाडी असेल, तर मात्र दोन फुग्यांना बिनटाकीचा छोटा कंप्रेसरही चालतो. उगाच मोठा घेऊ नका.

हवेचा पुरवठा सीएफएममध्ये मोजतात. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण २८ लिटर. खोक्यावरचा मोठा आकडा शून्य दाबाचा असतो. दाब चढला की तो झपाट्याने उतरतो, म्हणून १०० पीएसआयला किती देतो ते विचारा. १० लिटरची टाकी रिकामीपासून १४५ पीएसआयपर्यंत भरायला सुमारे १०० लिटर मोकळी हवा लागते. सरासरी एक सीएफएम देणारा कंप्रेसर ते काम साडेतीन-चार मिनिटांत करतो.

आता पाण्याचं. आपल्याकडे खरी डोकेदुखी तीच, आणि देशावरून मागवलेल्या किटमध्ये तिची सोय क्वचितच असते. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा असला, तर एका घनमीटर हवेत २५-२६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हवा दाबली की ते वाफेत राहू शकत नाही. वर सांगितलेली १० लिटरची टाकी एकदा भरली आणि थंड झाली की तळाशी अडीच ग्रॅम, म्हणजे अर्धा चहाचा चमचा पाणी साचतं. दिवसातून चार-पाच वेळा भरली तर महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. ते पाणी टाकीला आतून गंज चढवतं आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं. म्हणून टाकीला सगळ्यांत खाली ड्रेन कॉक हवाच, आणि कंप्रेसर ते टाकी यांच्यामध्ये पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी कॉक उघडा. एअर ड्रायर असेल तर त्यातले ओल शोषणारे दाणे ओले होऊन निकामी होतात, तेही बदलावे लागतात.

आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून कंप्रेसर चाकाच्या मागे लटकवू नका. ते मोटरच्या आवरणापुरतं असतं. हवा ओढायचं तोंड उघडंच राहतं. साकवावर पाणी असताना गाडी घातली की ते तोंड हवेऐवजी पाणी ओढतं. आम्ही सक्शनची नळी वर, कोरड्या जागी नेतो आणि फिल्टर तिथे बसवतो. मासळीच्या गाड्यांचा प्रकार आणखी वाईट, कारण हौद्यातून बर्फाचं खारं पाणी सारखं खाली ठिबकत असतं. तिथे ब्रॅकेट स्टेनलेसचाच घ्या.

कंप्रेसरची अर्थिंगची वायर गंजलेल्या चासीला देऊ नका, थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणा. २५ अँपिअर ओढणारा कंप्रेसर मागे आणि बॅटरी पाच मीटर पुढे असेल, तर ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एक व्होल्ट वाटेतच जातो. आम्ही १० ची टाकतो. फ्यूज बॅटरीजवळ, रिले कोरड्या जागी.

कंप्रेसर जळाला म्हणून नवा मागायला येता, तेव्हा आम्ही आधी साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली जातो. एका मासळीच्या पिकअपला आम्हीच घाईत नवा बसवून दिला होता. तोही थोड्याच दिवसांत गेला. गळती फुग्याच्या घडीत होती. हवा जात राहिली आणि बिचारा रात्रंदिवस भरत राहिला. मजुरी आम्ही परत केली, पण कंप्रेसर गेला तो गेलाच.

कंपनीतूनच एअर सस्पेन्शन असलेल्या गाडीला बाहेरचा कंप्रेसर आम्ही जोडत नाही. आणि एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये ब्रेकच्या टाकीतून फुग्यांना सरळ नळी काढून द्या, असं कोणी सांगितलं तर हात जोडा. फुगा फुटला तर ब्रेकची हवा जायला नको. मधे प्रोटेक्शन व्हॉल्व्ह लागतोच.

फुगे बसवल्याने गाडीची पासिंगची वजनमर्यादा वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, तेव्हा काम काढण्याआधी आरटीओत विचारून या.

येताना आरसी आणा, आणि शक्य असेल तर गाडी रोजचा माल भरून आणा. रिकाम्या गाडीवर मागचा भाग किती बसतो ते कळत नाही, आणि फुग्याचं माप त्यावरच ठरतं.